ग्रीकबाई

ग्रीकबाई मनातल्या मनात वाचत नसत. बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं असोत, बसस्टॉपवर लावलेली रस्ता बंदची नोटीस असो, नाहीतर डेंटिस्टकडे पडलेलं हिरड्यांच्या आजाराचं पत्रक असो, डोळ्यांपुढे अक्षर आलं की ते त्यांच्या तोंडातून बाहेर पडायचंच. लीड्सच्या बसमध्ये माणसं एकमेकांकडे पाहायचंसुद्धा टाळतात. तिथे बाई वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर बसून दुकानांच्या पाट्या ओळीनं वाचत जायच्या. इंग्रजी पाटी इंग्रजीत, पोलिश पाटी जमेल तशी, आणि उर्दू पाटी आली की "ही येत नाही मला," असं त्या पाटीलाच सांगून पुढच्या पाटीकडे. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर होते तेव्हा खिडकीकडे तोंड फिरवून बसले.

"लाज वाटते का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही, तसं नाही."

"वाटते. वाटू दे. जुन्या काळी बहुतेक सगळे असंच वाचायचे. मनात वाचलं की ते एकट्याचं राहतं. मोठ्यानं वाचलं की खोलीत जेवढे असतील तेवढ्यांचं होतं."

"ही खोली नाही बाई, बस आहे."

"मग बसमधल्यांचं."

त्यांचं खरं नाव कुमुद. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. पंचविशीत नर्स म्हणून इंग्लंडला आल्या आणि लीड्समधल्या एका हॉस्पिटलातून वॉर्ड सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. त्यानंतर, लोक गुडघ्यांची ऑपरेशनं करून घेतात त्या वयात, त्यांनी जुनी ग्रीक भाषा शिकायला घेतली. पहिल्या ख्रिस्ती मंडळींची पत्रं ज्या भाषेत लिहिली गेली ती भाषा. गुरुवारी दुपारी एका चर्चच्या हॉलमध्ये एक निवृत्त शिक्षक ती शिकवीत. पाच विद्यार्थी होते, त्यांत साडीवर कार्डिगन घालून येणाऱ्या बाई एकट्याच. पहिल्या हिवाळ्यात दोघं गळाले, दुसऱ्यात आणखी दोघं. हॉलचा हीटर बिघडला तेव्हा वर्ग शिक्षकांच्या स्वयंपाकघरात भरू लागला, कारण वर्गात आता बाईच तेवढ्या उरल्या होत्या.

मराठी मंडळाच्या गणपतीला त्या दरवर्षी येत. आरतीला मागे उभ्या राहत आणि उकडीचे मोदक वळायला सगळ्यांत पुढे असत. अशाच एका गणपतीत कुणीतरी विचारलं, "हल्ली काय करता?" तर बाईंनी तांदळाच्या पिठाचे हात तसेच ठेवून ग्रीक मुळाक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली. तेव्हापासून त्या ग्रीकबाई. तोंडावर आम्ही सगळे नुसतं "बाई" म्हणायचो.

माझी त्यांची खरी ओळख सुधीर गेल्यावर झाली. सुधीर माझा नवरा. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो कामावर गेला आणि दुपारी त्याच्या ऑफिसातून फोन आला. हार्ट अटॅक. मी एक्केचाळीस वर्षांची होते. आम्हाला मूल नव्हतं. पुण्याहून त्याचा भाऊ आला, दहा दिवस राहिला, परत गेला. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत कामाला होते, तिथे परत जाऊ लागले. गोळ्या मोजायच्या, लेबलं लावायची, ते सगळं मी नीट करत होते. घरी मात्र मला एक गोष्ट जमेना. दारातल्या फटीतून पोस्टमन पाकिटं टाकायचा, ती आत पायपुसण्यावर पडायची आणि मी त्यांच्यावरून पाय टाकून आत जायची. उचलायची नाही. अशी सहा-सात आठवड्यांची पाकिटं तिथे साठली होती. दुःख होत होतं असंही मला म्हणता येणार नाही. मला काहीच होत नव्हतं.

बाई आमच्याच रांगेत तीन दारं सोडून राहायच्या. एका मंगळवारी संध्याकाळी त्या डाळ-भाताचा डबा घेऊन आल्या तर दार पुरतं उघडेना, पाकिटं मध्ये अडकली होती. त्यांनी वाकून ती सगळी गोळा केली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणली, सुरी मागितली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"बाई, राहू दे. मी बघेन नंतर."

"तू बघू नकोस. ऐकूही नकोस हवं तर. मी वाचते."

आणि त्यांनी वाचलं. कौन्सिलचं पत्र, पेन्शन ऑफिसचं पत्र, सुधीरच्या कॉलेजातल्या मित्राचं चार पानी पत्र. चष्म्याच्या दुकानाचं एक कार्ड होतं, "प्रिय सुधीर, तुमचे डोळे तपासण्याची वेळ झाली आहे." तेही त्यांनी त्याच आवाजात वाचलं. आवाज चढवला नाही, उतरवला नाही, मध्ये थांबून माझ्याकडे पाहिलं नाही. वाचून झालेल्या पत्रांचे तीन ढीग केले: उत्तर द्यायचं, ठेवायचं, टाकायचं. चष्म्याचं कार्ड कुठल्या ढिगात जाईल ते मी बघत होते. त्यांनी ते ठेवायच्या ढिगात घातलं.

त्यानंतर आठ महिने दर मंगळवारी त्या आल्या. त्या आठ महिन्यांत त्यांनी मला देवाबद्दल एक अवाक्षर ऐकवलं नाही. मी एकदा तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या पत्रांत देवाचं पत्र नव्हतं. असतं तर वाचलं असतं."

एका मंगळवारी वाचायला काहीच नव्हतं. बाई उठून जातील असं वाटलं, पण त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढली. म्हणाल्या, "आज माझं ऐक." त्या वहीत, आणि तसल्याच आणखी काही वह्यांत, त्या एक पुस्तक लिहीत होत्या. विषय होता पहिल्या दोन-तीन शतकांतल्या ख्रिस्ती बायका. त्यांच्यापैकी कुणाला वाचता येत होतं, कुणाला लिहिता, आणि त्या विद्येचं त्यांनी काय केलं. इंग्रजीत अशी पुष्कळ पुस्तकं आहेत, बाईंनी ती वाचलीही होती. पण त्या लिहीत होत्या मराठीत, आणि कुणासाठी ते त्यांचं ठरलेलं होतं. नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायकांची एक प्रार्थनासभा होती, तिच्यासाठी.

वहीची मांडणी बाईंनी स्वतःच ठरवलेली होती. डाव्या पानावर वरती लिहिलेलं असायचं, 'लिहिलंय'. उजव्या पानावर, 'मला वाटतं'. जे जुन्या कागदांत खरोखर सापडतं ते डावीकडे, आपला तर्क उजवीकडे. डावी पानं बरीच मोकळी होती, उजवी गच्च भरलेली. "हाच तर त्रास आहे," त्या म्हणायच्या. "बायकांबद्दल लिहिणाऱ्यांनी डावं पान आपल्यासाठी फारसं भरलंच नाही." तरी होतं तेवढं त्या एखादी ठेव उघडावी तसं दाखवायच्या. कार्थेजच्या तुरुंगात स्वतःची हकिगत लिहून ठेवणारी बावीस वर्षांची आई, जिचं मूल अजून अंगावर पीत होतं. अलेक्झांड्रियात एका पंडितासाठी ग्रंथांच्या नकला करणाऱ्या सुंदर अक्षराच्या मुली, ज्यांचं एकीचंही नाव उरलं नाही. आणि यूनिया, प्रेषितांमध्ये जिचं नाव घेतलं गेलं आणि पुढे कित्येक शतकं जिला पंडितांनी पुरुष ठरवून टाकलं. "नावावरची आघाताची एक खूण बदलली की झालं," बाई बोटानं हवेत ती खूण काढत. "एवढ्याशा फटकाऱ्यात बाईचा बाप्या!"

हे वेड आलं कुठून, तर त्यांच्या आजीकडून. आजी बायबलबाई होती. मिशनच्या लोकांनी तिला वयाच्या तिशीत अक्षरओळख करून दिली आणि मग ती गावोगाव हिंडून बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. बायका धुणं धुवायच्या, ही ओढ्याच्या काठी दगडावर बसून वाचायची. बाईंनी एकदा लंडनला जाऊन मिशनचे जुने अहवाल काढून पाहिले. आजीच्या भागाबद्दल तिथे इतकंच होतं की या ठिकाणी दोन बायबलबाया काम करतात. "नाव नाही गं. आकडा आहे. दोन. पाद्र्याच्या घोड्याचं नाव आहे, माझ्या आजीचं नाही." हे सांगताना त्या चिडल्या नव्हत्या. कपाळावर हात ठेवून ताप बघावा तसा त्यांनी वहीवर हात ठेवला होता.

यॉर्कशरमधली दहा-बारा मराठी ख्रिस्ती कुटुंबं महिन्यातून एकदा एका हॉलमध्ये उपासनेला जमत. बाई मलाही घेऊन जात. मी जेवणासाठी जायची हे त्यांना माहीत होतं आणि चालत होतं. एकदा भारतातल्या एका चर्चचे पाळक पाहुणे म्हणून आले होते. चांगले बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, "पहिल्या मंडळीतल्या भगिनी साध्या होत्या, निरक्षर होत्या. त्या शांतपणे ऐकून घेत. आजच्या भगिनींनी त्यांचा कित्ता गिरवावा."

बाई उठल्या. "पाळकसाहेब, निरक्षर बाईचा कित्ता गिरवायचा कसा? कित्ता घालून द्यायला आधी अक्षर यावं लागतं ना?"

लोक हसले. पाळकही हसले. पण बाई बसल्या नाहीत.

"प्रेषित पौलानं रोमच्या मंडळीला एवढं मोठं पत्र लिहिलं. ते नेलं कुणी?"

"फीबीनं नेलं असं मानतात," पाळक म्हणाले. "पण बाई, पत्र नेणं म्हणजे पोस्टमनचं काम झालं."

"पोस्टमन फटीतून टाकतो आणि जातो. ही समुद्र ओलांडून गेली. तिनं ते पत्र लोकांत बसून वाचून दाखवलं, त्यांनी प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. त्या पत्राचा अर्थ पहिल्यांदा जगाला सांगितला तो एका बाईनं."

हॉलमध्ये मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली. जेवताना बायका येऊन बाईंचा हात धरून गेल्या. मला वाटलं बाई खूश असतील. परतीच्या बसमध्ये मात्र त्यांनी एकही पाटी वाचली नाही.

"मी खोटं बोलले आज," त्या म्हणाल्या.

"काय खोटं?"

"तिनं वाचून दाखवलं असं कुठेही लिहिलेलं नाही. तिची शिफारस आहे, ती मंडळीची सेविका होती हे आहे. पत्र तिच्याबरोबर गेलं हासुद्धा अंदाजच, चांगला अंदाज. बाकीचं उजव्या पानावरचं. मी ते डाव्या पानावरचं म्हणून सांगितलं."

"पण तो माणूस चुकीचं बोलत होता."

"म्हणून मीही बोलायचं?"

पुढच्या महिन्यात पाळक परत गेलेले होते. तरी बाई त्याच दहा-बारा कुटुंबांपुढे उभ्या राहिल्या आणि आपण मागच्या वेळी काय जास्तीचं बोललो ते सांगून खाली बसल्या. टाळी कुणी वाजवली नाही. एक आजोबा तर मला जेवताना म्हणाले, "कशाला सांगितलं? आम्ही विश्वास ठेवला होता की."

त्याच्या पुढच्या मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी बाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखा होता.

"अंजली, आज पेपर कुठल्या भाषेतला टाकलाय गं?"

मी गेले. पेपर रोजचाच होता, इंग्रजी. बाई तो हातात धरून टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी पेपर बाजूला सारला, वही ओढली, उघडली. डावं पान पाहिलं, उजवं पाहिलं.

"हीसुद्धा," त्या म्हणाल्या.

नर्स होत्या, त्यांना काय झालंय हे माझ्याआधी कळलं होतं. अँब्युलन्स बोलावण्याआधी त्यांनी मला गॅस बंद आहे का ते बघायला सांगितलं.

मेंदूच्या मागच्या भागात, डाव्या बाजूला स्ट्रोक झाला होता. उजवीकडचं दिसणं गेलं होतं. हात-पाय ठीक, बोलणं ठीक, स्मरण ठीक. वाचता तेवढं येत नव्हतं. मराठी नाही, इंग्रजी नाही, ग्रीक नाही. स्पीच थेरपिस्ट म्हणून एक तरुण मुलगी आली. तिनं कागद-पेन पुढे केलं आणि मनात येईल ते लिहायला सांगितलं. मला वाटलं आता हेही जमणार नाही. पण बाईंनी सरळ, घोटीव अक्षरात तीन ओळी लिहिल्या. आपलं नाव, आपण कुठल्या गावच्या, आपण कुठे काम केलं. मुलीनं कागद घेतला, पाच मिनिटं दुसरंच काही विचारलं आणि मग तोच कागद परत त्यांच्यापुढे ठेवला. वाचायला सांगितलं.

बाईंनी खूप वेळ पाहिलं. मग इंग्रजीत त्या मुलीला म्हणाल्या, "अक्षर छान आहे. कुणाचं आहे?"

मी खिडकीबाहेर पाहत होते. खाली कार पार्क होता. एक लाल गाडी जागा शोधत तिसऱ्यांदा त्याच रांगेतून गेली. मी ती चौथ्यांदा येते का ते बघत राहिले.

असं होतं म्हणे. लिहिता येतं, वाचता येत नाही. स्वतःचं लिहिलेलंसुद्धा. त्यांचा मुलगा आशिष ब्रिस्टलहून आला. तिथे तो शाळेत शिकवतो. जन्म इकडचा, मराठी कानावर पडून आलेलं. कॉरिडॉरमध्ये मला म्हणाला, "मावशी, मम्मीला वाचता येणार का परत? ती वाचत नाही तर ती काय करणार?" मी सांगितलं, थोडंफार येईल कदाचित. मला काहीच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर तीन आठवडे बाई गप्प होत्या. चहा घ्यायच्या, डॉक्टरांकडे जायच्या, विचारलं तर उत्तर द्यायच्या. आम्ही बसनं गेलो तर वरच्या मजल्यावर त्याच सीटवर बसल्या, पाट्या समोरून जात राहिल्या आणि त्या हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. मी एक पाटी वाचली. मोठ्यानं. मग पुढची वाचली. एक माणूस मागे वळून बघायला लागला. बाईंनी बोटाला गुंडाळलेला बंद सोडवला.

मंगळवारी मी त्यांच्याकडे गेले आणि त्यांचं टपाल वाचून दाखवलं. टपाल संपल्यावर वही घेतली. ग्रीक मला येत नाही, ते शब्द मी "इथे ग्रीक आहे" असं म्हणून ओलांडायची, आणि बाई तो शब्द आठवून सांगायच्या. महिनाभरानं त्यांना एक युक्ती सापडली. अक्षरावरून बोट फिरवलं की ते हाताला कळायचं. डोळ्यांना नाही, हाताला. 'म' गिरवला की म्हणायच्या, "म." असं एकेक अक्षर करत एक ओळ व्हायला दहा मिनिटं लागायची. स्वतःच्याच ओळी त्या अशा पहिलीतल्या मुलीसारख्या गिरवत बसायच्या.

एकदा मी वाचता वाचता एक परिच्छेद गाळला. त्यात त्यांनी लिहिलं होतं की, ज्या बाईला वाचता येत नाही तिला दुसऱ्यानं दिलेलं सत्य तपासता येत नाही. ते त्या दिवशी त्यांच्यासमोर म्हणायला माझी जीभ रेटेना.

"अंजली, मधलं कुठे गेलं?"

"कुठलं?"

"तुला माहीत आहे कुठलं. वाच."

मी वाचलं. त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "हे मी किती गुर्मीत लिहिलंय. आता माझ्याकडे बघ. तू गाळलंस ते मला कळलं की नाही?"

"कळलं."

"मग? तपासता येतं. ऐकणाऱ्यालाही कान असतात."

त्या दिवसापासून पुस्तक बदललं. बाई म्हणाल्या, मी आयुष्यभर अक्षर येणाऱ्यांची बाजू घेतली. त्या काळात शंभरात कितीशांना वाचता येत असेल? फार थोड्यांना. बायकांत त्याहून थोड्या. एक वाचणारी असेल तर ऐकणाऱ्या तीस-चाळीस असणार. त्या घरी जाऊन मुलांना सांगणार, शेजारणीशी भांडणार, बाजारात बोलणार. "माझी आजी काय वाचायची ते मी सगळ्यांना सांगत फिरले. ओढ्यावर तिचं ऐकणाऱ्या बायका कोण होत्या हे मी माझ्या आईला एकदाही विचारलं नाही. आता आई नाही. ती नावं गेली."

मग त्या ग्राप्तेबद्दल बोलायच्या. रोममधल्या एका जुन्या लिखाणात तिचा उल्लेख आहे, एका ओळीचा. दोन प्रती करायच्या, एक बाहेरगावच्या मंडळ्यांसाठी पाठवायची आणि दुसरी ग्राप्तेला द्यायची, म्हणजे ती विधवांना आणि पोरक्या मुलांना शिकवील. बस, इतकंच. तिच्या नावाचा अर्थच 'लिहिलेली' असा होतो. "लिहिलेली बाई, आणि तिच्याबद्दल लिहिलंय एक ओळ," बाई म्हणायच्या. "पण बघ, लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की प्रत तिच्या हातात दिली तर ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत पोचेल. हे डाव्या पानावर आहे हो, मी जोडलेलं नाही."

शेवटचं प्रकरण त्यांनी उन्हाळ्यात लिहिलं, ऐकणाऱ्यांचं. लिहिलेलं कळत नसल्यानं ओळी एकमेकींवर चढायच्या, म्हणून मी सीरिअलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात ओळीएवढी खाच कापून दिली. ती खाच पानावर खाली सरकवत त्या लिहीत. संध्याकाळी मी वाचून दाखवायची, त्या दुरुस्त्या सांगायच्या. एकदा मी एक वाक्य जरा सुंदर करून वाचलं, तर म्हणाल्या, "हे माझं नाही. तुझं चांगलं आहे, पण माझं वाच." प्रकरणाच्या शेवटी त्यांनी लिहिलं की ओढ्यावर आजीचं ऐकणाऱ्या बायकांचं एकही नाव कुणाला ठाऊक नाही आणि आता कळायचा मार्गही नाही. ते वाक्य त्यांनी डाव्या पानावर घालायला सांगितलं. उजव्या पानावर काहीच लिहिलं नाही.

नोव्हेंबरात दुसरा स्ट्रोक आला. दोन दिवस त्या बोलू शकत नव्हत्या. मी ड्यूटी संपवून वरच्या मजल्यावर त्यांच्या वॉर्डात जाऊन बसायची. पहिल्या दिवशी सोबत नेलेली वही वाचली. दुसऱ्या दिवशी वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं, तर पलंगाच्या डोक्याशी लावलेली हात धुण्याविषयीची सूचना वाचली, तिच्या सगळ्या सहा पायऱ्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. हललं नाही. दुपारी चारच्या सुमारास त्या गेल्या.

अंत्यविधीला ते ग्रीकचे शिक्षकही आले होते, काठी टेकत. सगळे रडत होते. मी सँडविचेसची ताटं फिरवली. लोक म्हणाले, नंतर येईल रडू. सुधीरच्या वेळीही हेच म्हणाले होते. आशिषनं वह्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "मावशी, मम्मीची वह्या तुम्ही ठेवा. मला हे वाचायला येत नाही. मी शिकला नाही. शिकायला पाहिजे होतं."

हिवाळाभर मी कामावरून आल्यावर त्या वह्या टाइप केल्या. डावं पान डावीकडे, उजवं उजवीकडे, तसंच. दोन प्रती काढल्या. एक आशिषला पाठवली, वाचता येत नसली तरी. दुसरी नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या मंडळीला, बायकांच्या सभेच्या पत्त्यावर, सोबत चार ओळींचं पत्र आणि माझा नंबर. दोन महिने काहीच कळलं नाही. मला वाटलं, पोस्टात हरवलं असेल. वाईट वाटलं का, तर तेही नाही. मी कामावर जात होते, येत होते.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी फोन वाजला. भारतातला नंबर. तिकडची दुपार, मागे भांड्यांचा आवाज.

"लीडच्या बाई का?"

"हो, लीड्सहून बोलतेय. आपण?"

"मी शेवंता. मंडळीतून बोलते, बायांच्या सभेतून. तुमचे कागद पोचले. आमच्या मास्तरीणबाईंनी पाच रविवार वाचून दाखवले. मला वाचता येत नाही, बरं का. पण सगळं ऐकलं. लई चांगलं लिहिलंय कुमुदबाईनं."

मी म्हटलं, बरं वाटलं ऐकून.

"पण एक चुकलंय."

"काय चुकलंय?"

"शेवटी लिहिलंय का, तिच्या आजीचं ऐकणाऱ्या बायांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. तसं कसं? मला ठाऊक आहेत. त्यातल्या एकीची मी पणती. माझ्या आजीनं मला पाठ करून घेतली होती, तिच्या सासूनं तिच्याकडून. नाताळाच्या प्रार्थनेत आम्ही घेतो की नावं, दरसाल. अकरा बाया होत्या. कुमुदबाईनं कधी विचारलंच नाही."

मी उभीच होते. खुर्ची ओढून बसले. सुधीर गेल्यापासून पहिल्यांदाच असं झालं की मला माझ्या हाताची बोटं जाणवली, गार पडलेली, फोनभोवती आवळलेली.

"ऐकताय ना?" शेवंताबाई म्हणाल्या.

"ऐकतेय."

"मग लिहून घ्या. मी सांगते, तुम्ही लिहा. घाई करू नका. पहिली राहीबाई."

"राहीबाई."

"तिच्या शेजारची ठकू. ठकूला कमी ऐकू यायचं, म्हणून ती अगदी पुढं बसायची, पाण्यात पाय सोडून. तेपण लिहा. लिहिलं?"

"लिहिलं."

"आता तिसरी."